जुन्या पोलोला नवे टायर

वाणगाव,
वैशाख अखेर

प्रिय भाच्या,

पुण्याहून आणलेल्या २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयचे फोटो पोचले. लाल रंग अजून ताजा दिसतो, सीटही धड आहेत. तुझा प्रश्न टायरचा: वापीचा दुकानदार सतरा इंची मॅगव्हील आणि रुंद टायर घ्या म्हणतो, मित्र म्हणतात आहे तेच माप ठेव, आणि पाऊस तोंडावर आला आहे. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागणारी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गाडीविषयी. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पोलो तिथेच बनू लागली. २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आली: १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ताकदीचे आकडे आज फार मोठे वाटत नाहीत, पण हलक्या आवाजात, कमी आरपीएमला ही गाडी ज्या तऱ्हेने खेचते ती त्या काळच्या दहा लाखांखालच्या हॅचबॅकमध्ये दुर्मीळ होती. पलीकडे रांजणगावला फियाटचा कारखाना. तिथून लिनिया टी-जेट निघाली आणि २०१५ मध्ये १४५ पीएसची अबार्थ पुंटो. एकाच जिल्ह्यातल्या दोन औद्योगिक वसाहतींनी देशाला परवडण्याजोग्या जोशिल्या गाड्या दिल्या, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. आता या सगळ्याच बंद झाल्या. पोलोही २०२२ मध्ये थांबली. उरल्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. असे बरेच मालक हौसेने सायलेन्सर बदलतात, इंजिनाचं रीमॅप करून घेतात, आणि टायरला मात्र ‘अजून नक्षी आहे की’ म्हणून पुढच्या वर्षावर ढकलतात. पैसा आधी जिथे जायला हवा तिथे तो शेवटी जातो.

खरं म्हणजे नक्षी शिल्लक असणं आणि टायर चांगला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते कळायला टायरची बाजू वाचावी लागते. पहिल्या जीटी टीएसआयच्या टायरवर १८५/६० आर१५ ८४एच असं लिहिलेलं असतं. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के उंचीची बाजूची भिंत, म्हणजे १११ मिमी. आर म्हणजे रेडियल, १५ हा रिमचा इंचांतला व्यास. ८४ या भारांकाचा अर्थ एका टायरला ५०० किलो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची मान्यता. मूळ अंकापेक्षा कमी भारांकाचा किंवा कमी वेगाच्या अक्षराचा टायर स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही. आयएसआयची खूणही तिथेच असते. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरला ती सक्तीची आहे.

मग शोधायचा तो डीओटी अक्षरांच्या ओळीतला शेवटचा चार आकडी गट. तो बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे गाडीखाली वाकून आतली बाजूही पाहावी लागते. २३१८ असं असेल तर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. रबर वापराने झिजतं तसं नुसत्या काळानेही कडक होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला आतून कोरडं करत जातात. वाडीत चिकूखाली आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर म्हणूनच फसवे असतात: नक्षी भरपूर दिसते, पण ठोकळ्यांच्या बुडाशी केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात आणि नख दाबलं तरी रबर दबत नाही. मिशेलिनसारखे उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यायला सांगतात आणि दहा वर्षांनी, दिसायला कितीही चांगला असला तरी, टायर काढून टाकायला. आपल्या हवेत पाच-सहा वर्षांच्या पुढे थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्टेपनीलाही हाच नियम. जुन्या गाडीत ती बहुधा कारखान्यातून आली तेव्हापासून तशीच पडलेली असते.

आता सतरा इंचांकडे. २०५/४० आर१७ चढवला तर चाकाचा एकूण व्यास मूळ ६०३ मिमीवरून सुमारे ५९६ होतो, म्हणजे तिथे मोठा फरक नाही. फरक पडतो तो भिंतीत. १११ मिमीची भिंत ८२ वर येते. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामधलं रबर आणि हवा जवळपास तीन सेंटिमीटरने कमी. शोरूमच्या काचेआड ती बारीक भिंत देखणी दिसते. वाणगाव-चिंचणी रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक गेलं की रिम वाकतं किंवा भिंतीतले धागे तुटून टायरला फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला इलाज नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. शिवाय मोठं रिम सहसा जड असतं. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे ते वाढलं की शॉकअप्सना प्रत्येक उंचवट्यावर जास्त काम पडतं आणि गाडीचा चपळपणाच कमी होतो.

फोक्सवॅगननेच नंतरच्या काही पोलो जीटींना १९५/५५ आर१६ दिले, हे खरं. अबार्थ पुंटोलाही तेच माप होतं. त्याचा व्यास ६२१ मिमी, म्हणजे पहिल्या मापापेक्षा तीन टक्के जास्त. त्या गाड्यांची जुळणी कंपनीने त्या चाकासाठी केली होती. तुझ्या गाडीला पंधरा इंची रिम आहेत, ती सरळ आहेत, तर ती सोडायचं कारण नाही. थोडा रुंद टायर हवाच असेल तर १९५/५५ आर१५ आणि १९५/६० आर१५ ही दोन मापं त्याच रिमवर नीट बसतात. पहिल्याचा व्यास ५९५.५ मिमी, मूळ मापापेक्षा एक टक्क्याहून थोडा कमी. त्याने वळणावर गाडी जास्त चोख होते, पण जमिनीपासूनची उंची चार मिमीने घटते. दुसऱ्याचा ६१५, म्हणजे दोन टक्के जास्त. गाडी सहा मिमी उचलली जाते, स्पीडोमीटर शंभर दाखवत असताना खरा वेग दोन किलोमीटरने वाढतो आणि गाडीची उसळी किंचित मंदावते. आठ मिमी नक्षीचा नवा टायर झिजून संपेपर्यंत व्यासात साधारण एवढाच फरक पडतो, तेव्हा दोन टक्क्यांनी आभाळ कोसळत नाही. तरी माझा कौल मूळ १८५/६० लाच. इंजिनिअरांनी स्टिअरिंग, ब्रेक, ईएसपी सगळं त्या मापावर बसवलं आहे.

अरुंद टायरच्या बाजूने आणखी एक मोठं कारण आहे: आपला पाऊस. तलासरीहून वापीला रोज जाणाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ४८ चुकत नाही. अलीकडे दहिसरपासून तलासरीच्या हद्दीपर्यंत त्यावर काँक्रीटचा थर चढवला गेला. रस्ता सुधारला तसा वेग वाढला, आणि जूनमध्ये त्याच वेगात गाड्या साचलेल्या पाण्यावर जातात. इकडे आतल्या रस्त्यांवर मिरचीच्या शेतांतून निघालेले ट्रॅक्टर चिखल सांडतात, आणि वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग या कामांचे डंपर खडी आणि माती. पहिल्या सरीत हे सगळं तेलात कालवून रस्त्यावर पसरतं.

पाण्यावर टायर तरंगू लागण्याचं गणित १९६३ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी मांडलं. विमानांच्या टायरवरून काढलेलं ते सूत्र साधं आहे: हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर जमीन सोडतो. ३२ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला ८२. मोटारीच्या टायरला आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नक्षी किती खोल, पाणी किती साचलेलं, टायर किती रुंद, यावर ते वरखाली होतात. पण दिशा तीच राहते. खोल नक्षी पाणी चरांतून बाहेर फेकते, रुंद टायरला एका वेळी जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. नक्षीच्या चरांमध्ये टीडब्ल्यूआयचे उंचवटे असतात ते १.६ मिमीचे. नक्षी तिथवर आली की टायर संपला. मात्र ओल्या रस्त्यावरचा ब्रेक त्याच्या बराच आधी लांबू लागतो. जर्मनीतली एडीएसी ही मोटारमालकांची संघटना उन्हाळी टायर ३ मिमीलाच बदलायला सांगते. चार महिने पाणी पिणाऱ्या डहाणू-तलासरीला तोच आकडा धरायला हवा.

टायर किती गंभीरपणे घ्यायचा असतो हे महाराष्ट्राला समृद्धी महामार्गाने शिकवलं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, मोटारींना १२० ची वेगमर्यादा मिळाली, आणि तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगाने पळणाऱ्या गाड्यांचे टायर फुटू लागले. पुढच्या वर्षी परिवहन विभागाने प्रवेशावरच टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या मागे पाठवल्या. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, भिंत सतत वाकते, आत उष्णता साठते आणि जुनं रबर तिथेच सुटतं. ४८ नंबरवर अशी तपासणी नाही. ती ज्याची त्याने करायची.

कंपनी कोणती, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित केली, तेव्हापासून परदेशी स्पोर्ट टायर पंधरा इंचांत शोधत बसण्यात फारसा अर्थ उरला नाही. त्याचं दुःख नको. सिएटची भारतातली सुरुवात भांडुपच्या कारखान्यातून झाली, एमआरएफचा कारखाना गोव्यात उसगावला आहे, गुडइयर छत्रपती संभाजीनगरला टायर बनवते, आणि ब्रिजस्टोनचा चाकणचा कारखाना २०१३ पासून, म्हणजे तुझ्या गाडीच्याच गावात आणि तिच्याच जन्मवर्षी सुरू झालेला. ओल्या रस्त्यावरची पकड, फिरण्याचा विरोध आणि आवाज या तिन्हींसाठी भारताने आता एआयएस-१४२ हे मानक लावलं आहे, त्यामुळे नव्या टायरना किमान पातळी तरी गाठावी लागते.

त्याच्या वर निवड करताना क्रम असा असावा: आधी ओल्या रस्त्यावरची पकड, मग भिंतीचा ताठपणा, मग आवाज, आणि आयुष्य सगळ्यात शेवटी. ‘साठ हजार किलोमीटर चालतो’ असं सांगून विकला जाणारा टायर बहुधा कडक रबराचा असतो. टॅक्सीला तो योग्य, जीटीला नाही. पुष्कळ टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, तो जितका मोठा तितका टायर टिकाऊ आणि साधारणपणे कमी चिकट. शेजारचं ट्रॅक्शनचं अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लागण्याविषयीचं. तिथे एए किंवा ए पाहावं. मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, कॉन्टिनेन्टल यूसी६, गुडइयर ट्रिपलमॅक्स ही पावसाकडे लक्ष देऊन बनवलेली कुळं. अपोलो अल्नाक ४जी अबार्थ पुंटोला कारखान्यातूनच लागून येत असे, आणि कासा-जव्हारच्या वळणांवर मजा करायची असेल तर त्या दाखल्याला किंमत आहे. यांतला जो आपल्या मापात आणि सगळ्यात ताज्या तारखेचा मिळेल तो घ्यावा. दोन वर्षं गोदामात पडलेल्या महागड्या टायरपेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतला मध्यम किमतीचा टायर मी केव्हाही पसंत करीन.

चारही एकदम बदल. पैसे तूर्त दोनांपुरतेच असतील तर नवी जोडी मागे लाव. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला नवे टायर पुढे लावायचा मोह होतो, पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग सोडला की सावरते. ओल्या वळणावर मागची सुटली तर गाडी फिरते. वॉल्व नवे घे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घे. हवा सकाळी, गाडी थंड असताना, पेट्रोलच्या झाकणाआड किंवा दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भर.

मृगाआधी हे काम उरक. दुकानात स्टेपनीसकट पाचही टायरच्या तारखा स्वतः वाच, आणि त्या पटल्याशिवाय एकही टायर रिमवर चढवू देऊ नकोस.

तुझा,
मामा