आजीच्या पिढीचे डोळे

गिरणगावात वाढलेल्या आमच्या वयाच्या माणसांना काही गोष्टी फोड करून सांगाव्या लागत नाहीत. गावाहून आजी येणार असं पोस्टकार्ड आलं, तर लग्नसराई नसली म्हणजे कारण एकच असायचं: डोळे. रात्रभर एसटीत बसून, पायाला सूज घेऊन, हाताला धरून कुणीतरी तिला आणायचं. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच आठ माणसं. तरी खाटेखालची ट्रंक सरकवून तिची वळकटी ठेवायला जागा व्हायची. दुसऱ्या दिवशी पहाटे आई भाकऱ्या बांधून द्यायची आणि काका म्हणायचे, ‘‘चला, जे.जे.ला नंबर लावायचाय.’’

लालबागहून भायखळ्याचं जे.जे. रुग्णालय काही लांब नाही. आमच्या घरच्यांना ते ‘सरकारी’ म्हणूनच माहीत होतं. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून ते उभं राहिलं आणि 1845 साली सुरू झालं, हे मी फार पुढे वाचलं. त्याच आवारात एकोणिसाव्या शतकातच सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचं डोळ्यांचं रुग्णालय उभं राहिलं. म्हणजे माझ्या पणजोबांच्याही आधीपासून तिथे लोक डोळे दाखवायला येत होते. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं अडलंही नाही.

मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचं, हे तेव्हा घराघरांत पाठ होतं. आजच्या मुलांना तो अडाणीपणा वाटतो, पण तो अडाणीपणा नव्हता. तेव्हा डोळ्यातलं भिंग अख्खंच काढून टाकायचे आणि त्याच्या जागी काही बसवायचे नाहीत. पुढे आयुष्यभर जाड काचेचा चष्मा. एका डोळ्याने बरं दिसत असताना दुसऱ्याचं ऑपरेशन केलं, तर दोन्हीतली चित्रं लहानमोठी दिसायची आणि माणूस जास्तच गोंधळायचा. म्हणून डॉक्टर सांगायचे, अजून थोडं थांबा. आमच्या आजीने असं थांबण्यात कितीतरी पावसाळे काढले. ती माणसांना पावलांच्या आवाजावरून ओळखायची, आणि नाणी बोटांनी चाचपून.

ऑपरेशननंतरचं पडून राहणं हीच खरी परीक्षा. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, कूस वळायची नाही. खोकायचं नाही, हसायचं नाही, चावायचं नाही. आजीची मिश्री बंद झाली, आणि तिला सगळ्यात जड गेली ती हीच गोष्ट. आई डब्यातून पातळ पेज न्यायची आणि चमच्याने भरवायची. आम्हा पोरांना बजावलेलं असायचं, की आजीशी बोला, पण तिला हसवू नका. वॉर्डातल्या सिस्टर कडक होत्या. ‘‘आजी, मान हलवलीत तर डोळा जाईल हां!’’ असं दटावायच्या, आणि तेवढ्यातच तिच्या पाठीखालची चादर इतक्या हलक्या हाताने सारखी करायच्या की मान तसूभरही हलायची नाही.

आणि मग तो चष्मा आला. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो आहे: काळी जाड फ्रेम, मधोमध फुगीर काच, मागे बांधलेला दोरा आणि काचेआड भलेमोठे दिसणारे डोळे. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. आजी कपाला हात घालायची आणि बोटं कपाच्या अलीकडेच मिटायची. पायरी उतरताना तर ती आधी काठी टेकवून अंदाज घ्यायची. समोरून नीट दिसणारा माणूस कडेला सरकला, की मधल्या एका पट्ट्यात नाहीसाच व्हायचा आणि पुन्हा एकदम उगवायचा. त्यामुळे ती दचकायची. पण महिन्याभरात तिने त्या काचांशी जुळवून घेतलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला की जवळचं स्पष्ट होतं, हे तिचं तिनेच शोधून काढलं. तशी ती खिडकीत सूप घेऊन बसायची आणि आईच्या नजरेतून सुटलेले खडे तांदळातून वेचून काढायची. ते काम तिने पुन्हा कुणाला करू दिलं नाही.

एक गोष्ट मला विशेष आठवते. दोरीवर वाळत घातलेलं आपलं पातळ बघून ती आईला म्हणाली, ‘‘गो, एवढी नीळ कशाला घातलीस?’’ नीळ नेहमीइतकीच होती. पिवळटलेल्या भिंगातून जग बघायची सवय झालेल्या डोळ्याला ते भिंग गेल्यावर पांढरं निळसर दिसतं, हे मला नंतर कळलं. दुसरा डोळा अजून जुनाच होता. ती एकेक डोळा झाकून पातळाकडे बघत राहिली, आणि आम्ही सगळे तिच्याकडे.

या सगळ्याला पैसे किती लागले? केसपेपरचे किरकोळ आणि कधी बाहेरून आणलेल्या एखाद्या औषधाचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या संपाच्या काळात आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरात पगार नव्हता, वाण्याची उधारी तुंबली होती, काकूच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या. अशा घरातल्या म्हाताऱ्याला त्या रुग्णालयाने ‘पुढच्या वर्षी या’ म्हटलं नाही. आमच्या चाळीत संपाच्या फार कडू आठवणी निघतात. त्यात ही एक वेगळी आहे, आणि ती सांगताना काकांचा गळा अजून दाटतो.

आईची वेळ आली तोवर सगळं बदललं होतं. लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी 1949 साली डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं खरं, पण ते आपल्या गोरगरिबांपर्यंत यायला चार-पाच दशकं गेली. परदेशी भिंग परवडायचं नाही. 1992 पासून मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबमध्ये स्वस्त भिंगं तयार होऊ लागली, तेव्हा चित्र पालटलं. आईच्या वेळी जे.जे.त डॉ. तात्याराव लहाने आणि डॉ. रागिणी पारेख यांचा काळ होता. लहाने हा लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या आईने, अंजनाबाईंनी, 1995 साली स्वतःची किडनी देऊन त्याला वाचवलं. पुढे त्याने एक लाखाहून जास्त मोतीबिंदूची ऑपरेशनं केली आणि 2008 साली पद्मश्री मिळवली. ओपीडीच्या बाकड्यावर बीड-लातूरहून आलेल्या बायका माझ्या आईला ही किडनीची गोष्ट सांगत होत्या, जणू आपल्याच भावकीतली असावी. आई ऑपरेशन टेबलावर निर्धास्त गेली, यात त्या बायकांचाही वाटा आहे. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. वाळूच्या पिशव्या नाहीत की दोऱ्याचा चष्मा नाही. ‘‘एवढंच?’’ असं म्हणून ती थोडा वेळ गप्प बसली. मला वाटतं, तिला तेव्हा आजी आठवली असावी.

मोठी नावं लक्षात राहतात, पण आमच्या घराला दृष्टी दिली ती फक्त त्यांनी नाही. पुन्हा पुन्हा बाहुली मोठी करायचे थेंब घालणाऱ्या मावशी होत्या. ‘आजी, वर बघा, आता खाली’ असं दिवसभर न कंटाळता म्हणणारे शिकाऊ डॉक्टर होते. हे शिकवणारं रुग्णालय आहे. आमच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर कितीतरी तरुण हात तयार झाले असतील, आणि ते हात पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत गेले असतील. नुसतं घेणंच नव्हतं आमचं. अंगठा उठवून विश्वासाने डोळा पुढे करणाऱ्या आजीनेही काही दिलं होतं, असं मला आता प्रामाणिकपणे वाटतं.

गेल्या काही वर्षांत त्या घरातली बहुतेक मोठी माणसं गेली. थोरली काकू गेली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ‘‘ऑपरेशन झालेले डोळे कोण घेणार?’’ पण ते घेतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा चांगला असला की तो दुसऱ्याला बसवता येतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मात्र तो काढून घ्यावा लागतो, म्हणून लगेच कळवायचं. धाकट्या चुलतभावाने नेत्रपेढीला फोन लावला. मी पंखा बंद केला, काकूच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला. नेत्रपेढीची माणसं आली, अर्ध्या तासात काम आटोपून गेली, आणि काकूचा चेहरा होता तसाच राहिला. त्यानंतर आम्ही सगळ्या भावंडांनी नेत्रदानाचे फॉर्म भरले आणि आपापल्या मुलांना बजावून ठेवलं, की रडायला नंतर बसा, आधी फोन करा.