वाऱ्यावर सोडलेलं छप्पर

आमच्या घराचा पत्रा वळवाच्या वाऱ्यानं उडाला, असं गावात सगळे सांगतात. पंचनाम्यातही तेच लिहिलं आहे. मला ते मान्य नाही. वाऱ्यानं पत्रा नेला हे खरं, पण तो नेता यावा अशी सोय एका माणसानं करून ठेवली होती, आणि त्या कामाचे पुरे पैसे आमच्याकडून मोजून घेतले होते. हा राग अजून गेलेला नाही.

सासर जत तालुक्यात, डाळिंबाच्या पट्ट्यात. जुनं घर माळवदाचं. ते गळायला लागलं, भिंती फुगल्या, म्हणून माळवद उतरवून लोखंडी कैच्या, चौकोनी पाइप आणि वर निळा रंगीत पत्रा घातला. स्लॅब परवडत नाही, कौलं माकडं राहू देत नाहीत, मग पत्राच. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगायला नको.

मे महिना होता. दुपार कलली आणि आभाळ काळंनिळं झालं. वळचणीचा एक पत्रा आधी टाळ्या वाजवल्यासारखा आपटायला लागला, मग शेजारचा, आणि बघता बघता सोप्यावरचे पत्रे उचलून पलीकडच्या शेवग्याच्या रानात जाऊन पडले. मागोमाग गारा. ज्वारीची पोती भिजली, आत्यांचं अंथरूण भिजलं. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब. आत्या देवघराच्या उंबऱ्यात बसून होत्या, त्यांना उठवून आतल्या खोलीत नेईपर्यंत सगळं झालंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. ते कवठेमहांकाळकडचे जुने मिस्त्री, हयात पत्रे आणि कैच्यांत गेलेली. शिडी लावून वर चढले, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग मला म्हणाले, "ताई, चढता येतंय का? डोळ्यांनी बघा." मी चढले. जे बघितलं ते आजही जसंच्या तसं समोर आहे.

वळचणीच्या पाइपवर स्क्रू ओळीनं उभे होते. पत्रा गेला होता आणि स्क्रू जागच्या जागी होते. अण्णांनी एकाला हात लावला, तो हललाही नाही. "ह्यो स्क्रू जाग्यावर हाय. पत्रा त्येच्या डोक्यावरनं फाटून निघालाय." रानातून आणलेल्या पत्र्यावर त्याची खूण होतीच. भोकं बोटभर रुंद झालेली, कडा वर वळलेल्या. स्क्रूच्या डोक्याखाली जो वायसर असतो, वर धातूची टोपी आणि खाली रबर, त्यातलं रबर दोन-तीन उन्हाळ्यांतच वाळून तडकलं होतं. नखानं उकरलं तर काळा चुरा हातात आला. काही स्क्रूंना वायसर मुळात नव्हताच. रुंद वायसर असता तर ओढ पत्र्याच्या मोठ्या भागावर विभागली गेली असती. नुसतं डोकं असलं की पातळ पत्रा त्यावरून सोलून निघतो.

पण मला खरा धक्का बसला तो मधल्या पाइपांकडं बघून. आढं आणि वळचण यांच्या मधे दोन आडवे पाइप होते. ते कोरे होते. एक भोक नाही, एक ओरखडा नाही, कारखान्यातून आले तसे. म्हणजे पत्रा वरून आणि खालून धरला होता, मधे कुठंच बांधलेला नव्हता. वळचणीलाही प्रत्येक पत्र्याच्या दोन कडांना एकेक स्क्रू, मधल्या लाटा मोकळ्या. मी त्या पाइपांवरून हात फिरवत गेले. इतके दिवस आम्ही त्या पत्र्याखाली झोपलो, त्याखाली मुलांचे अभ्यास झाले, बाळंतपण झालं, आणि वर हे असं होतं. खालून बघणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं. पत्रा पाइपवर टेकलेला दिसतो. बांधलेला आहे की नुसता टेकलाय हे वर चढल्याशिवाय कळत नाही. आणि पैसे देणारा माणूस वर चढत नाही, हे आमचं छप्पर घालून देणाऱ्या फॅब्रिकेटरला पक्कं ठाऊक होतं.

त्याला बोलावून घेतलं. तो आला, खालूनच वर बघितलं. म्हणाला, "वारंच तसलं हुतं काकू. त्येला कोण काय करणार?"

मी मधल्या पाइपांबद्दल विचारलं. "मधी न्हाय मारलं तरी चालतंय. पत्रा आपल्या वजनानंच बसतोय." मी बिल दाखवलं, त्यावर फिटिंगसह चौरस फुटाचा दर होता. त्यानं ते हातातही घेतलं नाही. गल्लीतली चार माणसं जमली होती. त्यातल्या दोघांनी मान डोलावली की खरंच, वारंच तसलं होतं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. चूक उघडी पडलेली असताना आपलीच माणसं ती वाऱ्याच्या नावावर टाकून मोकळी झाली.

वारा हा आमच्याकडं आगंतुक आहे का? याच जिल्ह्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. साताऱ्याकडं वनकुसवड्याच्या पठारावर, चाळकेवाडीला रांगाच्या रांगा आहेत. वारा आहे म्हणून तर कोट्यवधी रुपये लावून त्या रोवल्या. मग त्याच वाऱ्यानं घराचा पत्रा उचलला की ते अचानक आलेलं संकट कसं? भारतीय मानक ८७५च्या तिसऱ्या भागात इमारतीवरच्या वाऱ्याच्या भाराचा हिशेब दिलेला आहे. पुण्यासाठी त्यात सेकंदाला ३९ मीटर हा मूळ वेग धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. वारा पत्र्याला खाली दाबतो असं आपल्याला वाटतं. उतरत्या हलक्या छपरावर तो बहुतेक वेळा वर ओढतो, आणि पुढं सोपा उघडा असेल तर आत घुसून खालूनही ढकलतो. ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त. म्हणून वळचण, आढं आणि टोकाचे पत्रे इथं स्क्रू दाट हवेत. आमच्या घरी नेमके तिथंच विरळ होते. पत्रा वजनानं बसतो म्हणणाऱ्या माणसानं शेवग्याच्या रानात जाऊन बघायचं होतं.

पंचनामा झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आलेल्या माणसानं जे दिसलं ते लिहिलं. पण आपत्ती मदतीच्या तेव्हाच्या निकषात पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड लागत होती आणि मग ६,५०० रुपये मिळत होते. भिंती उभ्या, कैच्या उभ्या, पत्रे गेले, याची टक्केवारी कोण काढणार? आणि नैसर्गिक आपत्ती असा शेरा एकदा पडला की कामात खोट होती हे म्हणायची जागाच उरत नाही. ग्राहक म्हणून दाद मागता येते, हे मला कळतं. कच्च्या बिलावर मागायची म्हटलं की घरातलेच लोक म्हणतात, जाऊ दे, गावातलाच आहे.

नीट बांधलेला पत्रा कसा असतो ते मी माहेरी बघितलंय. माझं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. तिथं पाऊस चार-पाच हजार मिलिमीटरचा. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपात आजोबांच्या घराच्या दगडमातीच्या भिंती कोसळल्या. त्यानंतर घरावर जड काही ठेवायचं नाही असं ठरवून पन्हळी पत्रा घातला. तो पत्रा आकड्यांनी बांधलेला होता, ज्याला आता सगळे जे-बोल्ट म्हणतात. आकडा खालून अँगलला अडकवायचा, पत्र्याच्या लाटेतून वर काढायचा, त्यावर डांबरी वायसर, मग वाटीसारखा लोखंडी वायसर आणि वर नट. भोक लाटेच्या माथ्यावरच पाडायचं, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. मिरगाच्या आधी वडील वर चढायचे. एकेक नट पान्यानं चाचपायचे. सैल असेल तर आवळायचे, वायसर गेला असेल तर सायकलच्या ट्यूबचा गोल कापून घालायचे आणि वर डांबराचं बोट फिरवायचे. आम्ही खाली डांबराचा डबा तापवत बसायचो. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या आठवड्यात आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आले. त्या दिवसांत माहेरच्या घराचा एकही पत्रा जागचा हलला नाही.

म्हणून मी अण्णांना म्हटलं, मला स्क्रू नकोत, आकडेच लावा. ते म्हणाले, चौकोनी पाइपला तसला आकडा पकडत नाही, त्याला वेगळ्या मापाचा लागतो, आणि आकडा नीट गंजरोधक नसला की आतून कधी खाल्ला गेला कळतही नाही. मी भावाला फोन केला. तो हसला. वडिलांचं छप्पर दर पावसाळ्यात कुठं ना कुठं गळायचंच, तीन ठिकाणी पातेली मांडलेली असायची, याची त्यानं आठवण करून दिली. ते खरं आहे. आकड्यानं पत्रा धरून ठेवला, पण पाणी अडवलं नाही. चांगल्या रबराचा, नीट मारलेला स्क्रू दोन्ही करतो, हे आता मी मानते.

काम सुरू झालं तेव्हा अण्णांच्या हाताखाली एक पोरगा आला. आमचा पत्रा पहिल्यांदा चढवणाऱ्यांत तो होता. त्यानंच सांगितलं. मी त्याला सरळ विचारलं, मधे स्क्रू का नाही मारले रे? तो म्हणाला, "काकी, सकाळी मालक मोजून स्क्रू द्यायचा. संपलं की संपलं. आमाला फुटावर पैसं." मे महिन्याचं ऊन, कमरेला दोर नाही, पायात स्लिपर, आणि हातातल्या मशीनची बॅटरी उतरायच्या आत छप्पर पुरं करायचं. त्याच्याकडं बघून माझा राग निम्मा झाला. निम्मा राहिला, कारण कोरे पाइप त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि तो एका शब्दानं बोलला नाही. मग वाटतं, बोलला असता तर दुसऱ्या दिवशी कामाला कुणी बोलावलं असतं? मला यातून मार्ग सापडलेला नाही.

अण्णांनी काम कसं केलं ते सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पत्रा दिवसभरात वाढतो आणि आकसतो. पहाटेच्या आणि भर दुपारच्या पत्र्यात ४० अंशांचा फरक धरला तर २० फुटी पत्रा जवळजवळ ३ मिलिमीटर लांबतो. संध्याकाळी छपरावर टणटण आवाज येतात ते याचे. या रोजच्या ओढाताणीनं स्क्रू हळूहळू सैल होतो. सैल झालेला तोच स्क्रू परत आवळला तर पाइपातलं भोक आधीच मोठं झालेलं असतं, तो नुसता फिरत राहतो. अशा जागी अण्णांनी साडेपाच मिलिमीटरचा काढून सहा पूर्णांक तीनचा घातला. आवळतानाही बेतानं. रबर टोपीच्या कडेपर्यंत येऊन थांबलं की पुरे. बाहेर फुगून आलं तर ते लवकर फाटतं, आणि वायसर बोटानं फिरत असेल तर पाणी आत येतं. प्रत्येक पाइपवर स्क्रू, वळचणीला आणि आढ्याला लाट न चुकवता. संध्याकाळी सगळा लोखंडी बुरा कुंच्यानं झाडून खाली काढला, कारण तो पत्र्यावर राहिला की पहिल्या पावसात गंजतो आणि रंग खातो. गळक्या स्क्रूवर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन थापू नका, त्यातल्या आम्लानं जस्त खराब होतं. वास नसलेलं मिळतं, ते घ्या.

आणि कृपा करून पत्र्यावर दगड आणि वाळूची पोती ठेवू नका. आमचे पत्रे उडाल्यावर ज्यानं त्यानं हाच सल्ला दिला. पत्रा उचलला गेला की तो दगड अंगणातल्या पोराच्या डोक्यात येतो.

घरावर पत्रा घालणार असाल तर स्क्रूचा नग आणि माप बिलात वेगळं लिहून घ्या. दहा रुपयांच्या आतली वस्तू आहे, तिथं घासाघीस करू नका. पैसे चुकते करण्याआधी घरातल्या कुणीतरी शिडीवर चढून मधले पाइप बघा. आणि दरवर्षी रोहिणी निघायच्या आत एखाद्या जाणत्या माणसाकडून सगळे स्क्रू तपासून घ्या. त्याला फुटावर नाही, दिवसावर मजुरी द्या, आणि वर पाठवताना कमरेला दोर बांधा.