हिरव्या बाटलीचा वास

एडिसनमधल्या आमच्या मित्रमंडळात ‘बिअर थंड असली की झालं’ हाच समज. म्हणून एका शनिवारी युरोपातून आलेल्या पिल्सनर आणल्या: चेकियातली पिल्सनर उर्केल आणि चेकव्हार, जर्मनीची बिटबर्गर, शिवाय हिरव्या बाटलीतली आणखी एक, जिचं नाव सांगत नाही. (चेकव्हार म्हणजे मूळची बुडवार. बडवायझरशी नावावरून जुनं भांडण असल्यानं अमेरिकेत तिला हे नाव मिळालं.) कोणत्या ग्लासात काय आहे, ते फक्त बायकोला माहीत. तिखट शेव मी आधीच स्वयंपाकघरात परत पाठवली. त्यावरून बरीच कुरकुर झाली.

उर्केल ओळखायला नाक पुरलं. भाजलेल्या पावाच्या कडेचा वास, लोण्याची पुसट छटा आणि गोडव्याच्या मागून येणारा साझ हॉप्सचा कडवटपणा. प्लझेन गावात १८३८ साली खराब बिअरची पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली गेली, मग गावकऱ्यांनी स्वतःची ब्रूअरी उभारली आणि १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरनं तिथे ही बिअर केली. तिथलं पाणी फार मृदू आहे, त्यामुळे हॉप्स सढळ हातानं घातले तरी घशाला ओरबाडत नाहीत. माल्टच्या मिश्रणातला थोडा भाग काढून उकळायचा, परत मिसळायचा, असं तीनदा करतात. तो भरदारपणा तिथला.

तिच्यापुढे बिटबर्गर सडसडीत आणि कोरडी. ‘‘ही कशी स्वच्छ आहे रे!’’ म्हणत एका मित्रानं तिलाच पहिला नंबर दिला. जेवणाआधी मीही तीच घेईन. रात्रभराच्या गप्पांना मात्र उर्केल. चेकव्हार मऊ, जरा गोडसर.

हिरव्या बाटलीतली ओतली आणि सगळ्यांनी नाकं मुरडली. न्यूजर्सीत रात्री गाडी चालवणाऱ्याला स्कंकचा वास सांगावा लागत नाही. उजेड लागला की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून गंधकाचं एक संयुग तयार होतं, ते स्कंकच्या फवाऱ्यातल्या द्रव्यांचं जवळचं नातलग. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही. दुकानात ती बाटली ट्यूबलाइटखाली किती दिवस उभी होती कोण जाणे. कित्येकांना मात्र हाच ‘इम्पोर्टेड’ चवीचा पुरावा वाटतो!

तेव्हा पिल्सनर घ्यायची तर कॅन घ्या, तळावरची तारीख वाचा, आणि ओतताना दोन बोटं फेस येऊ द्या.