हाताची घडी, तोंडावर बोट

1979 साली मी धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत चौथीत होतो. साठेक पोरं, बसायला तरटपट्ट्या, टेबलावर निरगुडीची छडी. 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हटलं की वर्ग चिडीचूप. बालभारतीतला धडा एकाने वाचायचा, बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवून मागोमाग जायचं. बोट चुकलं की छडी. तास भाषेचा, आणि बोलायला मनाई! तेव्हा हे कुणालाच खटकलं नाही.

घरी आम्ही सगळे अहिराणी बोलायचो. एकदा माझ्या शेजारचा पोरगा उठून म्हणाला, "गुरुजी, माले समजनं नही." वर्ग हसला. 'शुद्ध बोल,' एवढंच उत्तर आलं. त्यानंतर मराठीच्या तासाला तो आपणहून उठलेला मला आठवत नाही. हसणाऱ्यांत मीही होतो.

पुढे मीही मराठीच शिकवू लागलो आणि पहिली काही वर्षं तेच 'हाताची घडी, तोंडावर बोट', तीच छडी चालवली. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी आली. छडी गेली, पण शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही समजूत मनातून जायला मला आणखी बराच वेळ लागला.

आता पोरं चौघाचौघांत बसतात. एक वाचतो, एक अडलेले शब्द टिपतो, एक प्रश्न काढतो, एक वर्गाला सांगतो. दर सोमवारी कामं बदलतात, नाहीतर बोलकी पोरंच बोलत राहतात. काय करायचं ते पुस्तक उघडण्याआधी सांगतो आणि एकाकडून परत वदवून घेतो. गोंगाट बहुतेक वेळा खोडीतून होत नाही, काय करायचं ते न कळल्यामुळे होतो. आवाज चढला तर मी हात वर करून थांबतो. ओरडत नाही. धड्यावरची पहिली पाच मिनिटं अहिराणीत, पावरीत, ज्याला जी येईल त्या बोलीत. मग प्रमाण मराठी.

जुन्यातलं एक मात्र मी सोडलेलं नाही. गुरुजी कविता चालीवर म्हणून घेत. तेव्हा साठ गळे एका सुरात लागत, आणि छडी टेबलावरच पडून राही. वर्ग सांभाळण्याचा याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. आज मोबाइलवर कवितेची तयार चाल मिळते. शनिवारी सकाळच्या शाळेत मी तो बंद ठेवतो. पोरं आपापली चाल लावतात, सगळ्या म्हणून बघतात, आणि कोणती ठेवायची यावरून घंटा होईपर्यंत भांडतात.