आधी विचार, मग लिही

हैदराबादेत तांत्रिक मुलाखतींच्या तयारीचा बाजार भरतो तो अमीरपेठेत. मैत्रीवनमच्या आसपास क्लासेसच्या पाट्यांवर पाट्या, आणि हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांसकट झेरॉक्स. नांदेडहून आलेली मी जावा तिथंच शिकले. मुलाखत द्यायला मात्र शिकवलं काचीगुड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी.

काका ईसीआयएल या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीतून निवृत्त झालेले. ट्रॉम्बेत 1969 साली तयार झालेला टीडीसी-12 हा बारा बिटांचा संगणक पुढे ईसीआयएलनं बनवून विकला. काकांची उमेदवारी त्याच यंत्रावर झाली होती.

रविवारी सकाळी ते कागद पुढे सरकवायचे. ‘‘दहा लाख आकड्यांतून एक शोधून दे.’’ मी लगेच लिहायला लागले, की पेन काढून घ्यायचे. ‘‘आकडे क्रमानं लावलेत का, ते विचारलंस?’’ लावलेले असतील, तर दर वेळी निम्मे बाद करत वीस तुलनांत काम होतं. नसतील, तर सगळी यादी चाळावी लागू शकते. शोध वारंवार घ्यायचा असेल, तर एकदा क्रम लावून ठेवणं परवडतं. ‘‘ऑनलाइन चाचणीत यंत्र नुसतं उत्तर तपासतं. पुढच्या फेऱ्यांत माणूस असतो. तुझ्या डोक्यात काय चाललंय ते त्याला ऐकू येऊ दे.’’

कोड लिहून झाला, की तो हातानं चालवायला लावायचे. यादी रिकामी असली तर? एकच आकडा असला तर? आणि शेवटी ठरलेला प्रश्न: ‘‘बेरीज मावते का?’’ बारा बिटांत संसार केलेल्या माणसाची ती सवय.

हायटेक सिटीतल्या एका मुलाखतीत मला बायनरी सर्चमधली, म्हणजे त्याच निम्मे बाद करत शोधण्याच्या रीतीतली, खोट विचारली. मधलं स्थान काढताना दोन टोकांची बेरीज केली, तर ती 32 बिटांत मावेलच असं नाही, हे मी बोलत बोलत सांगितलं. जावाच्या लायब्ररीतही हीच चूक वर्षानुवर्षं होती आणि 2006 मध्ये ती उजेडात आली, हे मला नंतर कळलं.

काकांची फी एकच होती: प्रत्येक मुलाखतीतला प्रश्न आणून द्यायचा. ते तो वहीत उतरवून रात्री सोडवत बसत. ‘‘या वयात नवं शिकतोय ते तुझ्यामुळं. फिटंफाट झाली,’’ म्हणायचे. मला हा हिशेब अजून मान्य नाही. आता मी टेबलाच्या पलीकडे बसते. एखादा उमेदवार अडखळत का होईना, ‘‘आधी एक विचारू का?’’ म्हणाला, तर त्याला घाई करत नाही.