ओसरण्यासाठी वाट

रिले ही विद्युतचुंबकाने हलणारी कळ. तिच्या वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी तोडला, की चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा उसळते. १२ व्होल्टच्या परिपथात क्षणभर शेकडो व्होल्ट उठतात आणि ट्रान्झिस्टर निकामी होऊ शकतो. लांब तारेतला प्रवाह तोडताना उडणारी ठिणगी जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली नोंदवली होती. उपाय साधा: वेटोळ्याला समांतर, उलट्या दिशेने जोडलेला डायोड. एरवी तो निष्क्रिय असतो. पुरवठा तुटताच मात्र प्रवाहाला वाट देतो, आणि प्रवाह तिथेच फिरत ओसरतो. मोल एवढेच, की रिले सुटायला किंचित उशीर होतो. वडील गेल्यावर ‘सावर आता’ म्हणणाऱ्यांपेक्षा, माझे तेच ते बोलणे महिनोन्‌महिने ऐकून घेणारा मित्र मला आधार का वाटला, ते या उशिरामुळे उमगले.