दोन वेटोळी आणि एक कान

गतवर्षी माझ्या उजव्या कानात बारीक शिटी वाजू लागली. रात्रीची झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, ‘‘गिटार सोडू नका, आवाज कमी करा.’’ गिटारचे जुने हंबकर तसेही बदलायचे होते. सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास गिब्सनसाठी रचलेल्या या पिकअपमध्ये दोन उलट वेटोळी परस्परांची विजेची घरघर खोडून काढतात. चिरंजीवांचा आग्रह जोरकस सिरॅमिक चुंबकाचा. मी अल्निको-२ ची, साधारण साडेसात किलोओहमची जोडी निवडली. तिच्या उंच स्वरांना धार कमी. अर्थात कान राखतो तो पिकअप नव्हे, ॲम्प्लिफायरचा नॉब. तो आता तीनपुढे जात नाही. शिटी अजून आहे. तार छेडली की मात्र क्षणभर ऐकू येत नाही.